फॉरमॅट मारण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची मोफत देखभाल थांबवली. त्यामुळे कर्जतच्या शाळेतला किंवा खोपोलीच्या दुकानातला संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडण्याचे काही कारण नव्हते, आणि म्हणूनच बहुधा या तारखेची इकडे कुणी दखल घेतली नाही. संगणक नेहमीसारखा सुरू होतो, प्रिंटर नेहमीसारखा कागद अडकवतो. फरक एवढाच पडला की विंडोजमध्ये पुढे जी भोके सापडतील, ती बुजवणारी दुरुस्ती या संगणकांवर आता आपोआप येणार नाही. ‘मग विंडोज ११ टाका’ असे सांगणे सोपे आहे. पण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७च्या उत्तरार्धात. त्याआधी घेतलेला संगणक कितीही ठणठणीत असला तरी मायक्रोसॉफ्टच्या लेखी बाद. यापायी जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच वर्तवला होता. जिल्हा परिषदेच्या शाळांत, आश्रमशाळांत आणि गावच्या वाचनालयांत संगणक कसे येतात हे ठाऊक असणाऱ्याला त्यातला आपला वाटा कुठे आहे ते सांगावे लागणार नाही. कुठल्या कारखान्याच्या सामाजिक दायित्व निधीतून, कुठल्या कार्यालयाने नवे घेतल्यावर उरलेले, कुठल्या योजनेच्या शेवटच्या हप्त्यात आलेले असे हे संगणक असतात, आणि ते येतात तेव्हाच अर्धे वय काढून येतात.

अशा संगणकाचे काय करायचे, याचा निर्णय सध्या कुणीच घेत नाही. तो आपोआप होतो. काही बिघडले की संगणक बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे जातो, तो ‘फॉरमॅट मारतो’, जवळच्या पेन ड्राइव्हमधली विंडोजची प्रत टाकून देतो आणि दोन-चारशे रुपयांत काम भागते. त्या प्रतीचा परवाना कुणाचा, हे विचारायची पद्धत नाही. हल्ली तोच मनुष्य चिपची तपासणी चुकवून जुन्या संगणकावर विंडोज ११ही बसवून देतो. ते चालतेही, पण मायक्रोसॉफ्ट त्याची हमी घेत नाही आणि पुढची मोठी आवृत्ती आली की पुन्हा तीच खटपट करावी लागते. माझे म्हणणे असे की कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांनी हा निर्णय दुरुस्तीवाल्याच्या पेन ड्राइव्हवर सोडू नये. शाळा, आश्रमशाळा आणि वाचनालये यांचे जुने संगणक सरळ लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यावेत. सेवा केंद्रे, तलाठी, टॅलीवर चालणारी दुकाने आणि छापखाने यांनी मात्र तूर्त जागचे हलू नये. आणि ज्या कारणांमुळे त्यांना हलता येत नाही, ती कारणे सरकारने दूर करावीत, कारण त्यातली बहुतेक सरकारनेच निर्माण केलेली आहेत.

लिनक्स हे नाव ऐकले की ते आपल्याकडचे नव्हे, बंगळूरच्या अभियंत्यांचे, असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या निकोलस नेग्रोपोंटे यांच्या जगभर गाजलेल्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली झाला तो कर्जत परिसरातल्या खैराट या लहानशा वस्तीत, पहिली ते चौथीच्या एका छोट्या शाळेत. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हा प्रकल्प नाकारला होता. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तो संशयास्पद आहे, असे मंत्रालयाचे मत होते. तरी खैराटच्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि एक जीबी साठवण होती. आजचा स्वस्तातला स्वस्त मोबाइलसुद्धा याच्या कितीतरी पुढे आहे. त्यावर चालत होते फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी मुद्दाम घडवलेले ‘शुगर’ नावाचे दर्शनी रूप. चालू असलेल्या कार्यक्रमाच्या आत काय लिहिले आहे ते उघडून पाहता यावे, म्हणून त्याच्या कीबोर्डवर एक वेगळी कळही दिलेली होती. पुढच्याच वर्षी, मे २००८मध्ये, याच लॅपटॉपवर विंडोज एक्सपी चालवण्याचा करार मायक्रोसॉफ्टशी झाला. शुगर घडवणारे वॉल्टर बेंडर त्याआधी महिनाभर प्रकल्पातून बाहेर पडले होते आणि त्यांनी शुगर लॅब्स ही वेगळी संस्था काढली. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम कोणती असावी हा वाद जगात ज्या यंत्रावरून पेटला, ते यंत्र आपल्या डोंगरातल्या पोरांनी आधीच हाताळलेले होते. विंडोजची सवयच नसल्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला नाही.

या प्रयोगाला डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. तो महाराष्ट्रात पसरला नाही. ज्या पेरू देशाने हे लॅपटॉप लाखोंनी वाटले, तिथे आंतर-अमेरिकन विकास बँकेने २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या गणितात आणि भाषेत मोजता येईल अशी प्रगती दिसली नाही. तेव्हा लिनक्स टाकल्याने शाळा सुधारेल, असा दावा मी करत नाही. विंडोज ठेवल्यानेही ती सुधारत नाही, हे मात्र त्याच न्यायाने मान्य करावे लागेल. इथे मुद्दा त्याहून साधा आहे. शाळेत असलेला संगणक चालता राहावा, सुरक्षित राहावा आणि त्यासाठी दर काही वर्षांनी नव्या खरेदीची वाट पाहावी लागू नये. लिनक्स मिंटसारखी प्रणाली दोन जीबी मेमरीवर तग धरते, चार जीबीवर बऱ्यापैकी चालते आणि तिच्या सध्याच्या २२व्या मालिकेची देखभाल २०२९पर्यंत मिळणार आहे. आणखी एक गोष्ट दिल्लीत किंवा पुण्यात बसून लक्षात येत नाही. विंडोज ११ची घरगुती आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. भीमाशंकरच्या पायथ्याच्या वाड्यांत, जिथे मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी बांधावर जावे लागते, तिथल्या शाळेत ही अट म्हणजे थट्टाच आहे. लिनक्स पेन ड्राइव्हवरून पूर्ण बसते, आणि जिओजेब्रा, जीकॉम्प्री, आकाशदर्शनाचे स्टेलॅरियम हे सगळे एकदा टाकले की इंटरनेटवाचून चालते.

या भागातल्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. तिथूनच ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे सुधारित वाण निघाले आणि तिथूनच ‘सह्याद्री’ हा संकरित भातही निघाला. सुधारित वाणाचे बी शेतकरी खळ्यावरून राखून ठेवतो, पुढच्या वर्षी पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. संकरिताचे बी मात्र दरवर्षी पिशवी फोडूनच पेरावे लागते. संकरित वाईट, असे कुणी म्हणणार नाही; उतारा चांगला मिळतो म्हणूनच लोक ते घेतात. पण बी कुणाच्या हातात आहे हे ओळखून घेतात. लिनक्स हे राखून ठेवता येणारे, वाटता येणारे बी आहे. मात्र राखलेले बीही वर्षानुवर्षे तेच वापरले की त्यात भेसळ होते आणि काही वर्षांनी ते बदलावे लागते, हे शेतकऱ्याला कळते. लिनक्सवाल्यांच्या प्रचारात नेमकी हीच गोष्ट गाळली जाते. फुकट मिळते म्हणजे देखभालीवाचून चालते, असा अर्थ कुणी काढू नये.

आता ज्यांनी हलू नये असे मी म्हटले, त्यांच्याकडे वळू. नेरळच्या किंवा चौकच्या एखाद्या सेवा केंद्रातले टेबल पाहा. संगणकाच्या मागच्या बाजूला डिजिटल सहीचा डोंगल खोचलेला, बाजूला अंगठा घेण्याचे यंत्र, त्यापलीकडे स्कॅनर आणि प्रिंटर, आणि समोर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, पीक विम्याचे अर्ज घेऊन उभी असलेली रांग. या टेबलावरची सगळ्यात नाजूक वस्तू संगणक नाही. त्याला जोडलेली ही उपकरणे आहेत. अंगठ्याच्या यंत्रासाठी लागणारी सेवा बाजारात सहज मिळते ती विंडोजसाठी आणि अँड्रॉइडसाठी. डोंगलच्या कंपन्या लिनक्ससाठी चालक देतात, पण संकेतस्थळाने सही उचलण्यासाठी जो मधला कार्यक्रम बसवायला सांगितला असतो, त्याच्या सूचना विंडोज गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात. काही अडले तर मदतीच्या दूरध्वनीवरचा मनुष्य ‘कंट्रोल पॅनेल उघडा’ इथूनच सुरुवात करतो. रांगेत उभ्या असलेल्या कातकरी बाईचा दाखला अडकवून मुक्त सॉफ्टवेअरचा झेंडा फडकवण्यात काही पुरुषार्थ नाही. टॅली वापरणाऱ्या व्यापाऱ्याचे तेच. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणारा कोरलड्रॉवर बसलेला असतो, त्यालाही लिनक्सचा आग्रह धरू नये. खोपोलीच्या कारखान्यांत एखाद्या जुन्या यंत्राला किंवा वजनकाट्याला जोडलेला संगणक असेल तर तो इंटरनेटपासून तोडून तसाच चालू द्यावा, हे शहाणपणाचे. सगळ्यांनी एकदम बदला, असे सांगणारा सल्लागार या तालुक्यांत कधी बसलेला नसतो.

मराठीचा प्रश्न याहून चिवट आहे आणि त्यावर सविस्तर बोलले पाहिजे, कारण ‘लिनक्सवर मराठी नीट येत नाही’ हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. तो आज खरा नाही. उलट, १९९१मध्ये भारतीय मानकात आलेली इनस्क्रिप्ट मांडणी बहुतेक लिनक्समध्ये आयती असते. फोनेटिक आणि गमभन पद्धतीही जोडता येतात. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटने मोकळा करून कितीतरी वर्षे झाली, आणि लिनक्सच्या पडद्यांचे मराठी भाषांतर मोठ्या प्रमाणावर झाले ते पुण्यात. मग आक्षेप येतो कुठून? तो येतो जुन्या फायलींतून. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे निकालपत्रक, पतसंस्थेचा अहवाल, गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची यादी हे सगळे वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटांत टाइप झाले. त्या फायलीत खरे तर मराठी अक्षरे नसतातच. रोमन चिन्हांवर मराठी मुखवटे चढवलेले असतात, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळून नुसती चिन्हांची खिचडी दिसते. ही अडचण लिनक्सने आणलेली नाही. तीच फाइल शेजारच्या टेबलावरच्या विंडोजवरही तशीच फुटते, मोबाइलवर पाठवली तरी फुटते. युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे ऑपरेटिंग सिस्टीम बदला अगर न बदला, करावेच लागणारे काम आहे. पुढच्या पिढीला आपल्या गावचे वीस वर्षांपूर्वीचे ठराव वाचता यावेत असे वाटत असेल तर ते आज करावे लागेल, कारण ते फाँट चालवणारे संगणक आता एकेक करून मोडीत निघत आहेत. लिनक्सकडे जाण्याच्या निमित्ताने हे काम झाले तर तोच मोठा लाभ. न झाले तर नवा संगणक घेऊनही गोंधळ तिथेच राहील.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. मुलांना पुढे नोकरी करायची आहे, कार्यालयांत विंडोज आणि एक्सेल असते, मग शाळेत भलतेच शिकवून त्यांचे नुकसान का करता? महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांनी संगणक पहिल्यांदा हाताळला तो त्यातून, म्हणजे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर. सरकारी नोकरीसाठी तो लागतो, टंकलेखनाची परीक्षा लागते. ही वस्तुस्थिती नाकारून चालणार नाही. पण पाचवीतल्या मुलाला नोकरी लागेल तेव्हा कोणता संगणक असेल, हे आज कुणाला सांगता येते? २००७ साली जे मूल चौथीत एक्सपी शिकले असेल, त्याला कामाला लागेपर्यंत एक्सपी, व्हिस्टा, सात, आठ अशा साऱ्या पिढ्या निघून गेल्या होत्या; खुद्द एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४मध्ये संपली. शाळेत शिकायचे असते ते फाइल म्हणजे काय, तक्ता कसा मांडायचा, सूत्र कसे लिहायचे, कळफलकावर मराठी कशी उमटवायची. लिब्रेऑफिस या मोफत कार्यक्रम-संचाच्या तक्त्यात बेरजेचे सूत्र लिहिता येणाऱ्याला एक्सेल शिकायला काही तास पुरतात. शिवाय सवयीची भीती आपण उगाच मोठी करतो. कर्जतच्या भाजीबाजारात क्यूआर कोड लावून बसलेल्या बाईच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. तो शिकवायला तिच्याकडे कुणी प्रशिक्षक आला नव्हता. बारावीनंतर ज्याला परीक्षेसाठी विंडोज लागेल त्याने ते परीक्षेपुरते शिकावे. त्यासाठी पहिलीपासूनची सगळी शाळा एका कंपनीच्या पडद्यावर बसवण्याची गरज नाही.

हे सगळे हवेतले आहे असे वाटत असेल तर केरळकडे पाहावे. तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प २००१च्या सुमारास सुरू झाला तेव्हा शाळांत विंडोजच होते. पुढच्या काही वर्षांत राज्याने टप्प्याटप्प्याने सारे शालेय संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. आज ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची लिनक्स शाळांना देते. २०१९मध्ये तिने सांगितले की दोन लाखांहून अधिक संगणकांवर ती चालेल आणि परवान्यांचे सुमारे ३००० कोटी रुपये वाचतील. ३००० कोटींचा आकडा मी फार मनावर घेत नाही. इतके परवाने केरळने पूर्ण किमतीला घेतले असते असे गृहीत धरूनच तो निघतो. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. केरळने नुसत्या संगणकात प्रणाली टाकली नाही. पाठ्यपुस्तक बदलले, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच प्रणालीवर घेतली आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तेच ठेवले. परीक्षा ज्यावर, त्यावरच शाळा शिकवते. हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. महाराष्ट्रात अनुदानित शाळांच्या संगणक कक्षांची योजना राबवली ती पाच वर्षांच्या ठेक्याने. ठेका संपला की निदेशक घरी जातो आणि कक्षाला कुलूप लागते. दोन राज्यांतला फरक विंडोज आणि लिनक्समधला नाही. आपल्याकडे हे काम कुणाचे, हेच ठरलेले नाही.

म्युनिकचा दाखला देऊन लिनक्सला निकालात काढणारे बरेच भेटतात. जर्मनीतल्या त्या महापालिकेने २००३मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. हा धडा खरा आहे आणि तो टाळू नये. पण तो नेमका काय आहे ते पाहावे. तक्रारी होत्या त्या बाहेरून येणाऱ्या कागदपत्रांच्या देवघेवीच्या, विंडोजवरच चालणाऱ्या खास कार्यक्रमांच्या आणि महापालिकेच्या विस्कळीत तंत्रविभागाच्या. शिवाय सत्ता बदलली, महापौर बदलले. म्हणजे जिथे बाहेरच्या जगाशी कागदांची रोजची देवाणघेवाण आहे तिथे एका कार्यालयाने एकट्याने बदलणे जड जाते. सेवा केंद्रांनी थांबावे असे मी म्हणतो ते याच कारणाने. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४मध्ये आपल्या सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांसाठी लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्स असा कार्यक्रम जाहीर केला आणि आधी ऑफिस, मग ई-मेल, शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम असा क्रम ठेवला. म्युनिकची फजिती पाहूनच हा क्रम आला असावा. आपल्या चौथीच्या वर्गाला मात्र बाहेरच्या कुणाशी करार-मसुदे पाठवायचे नसतात. शाळांपासून सुरुवात करा, असे म्हणण्याचे ते सगळ्यात साधे कारण आहे.

‘बिघडले तर बघणार कोण?’ हा प्रश्न विचारला जातो तेव्हा बहुतेक लोक गप्प बसतात. आज बघतो तो बाजारपेठेतला दुरुस्तीवाला, आणि त्याला लिनक्स येत नाही. सुटा भाग लागला तर तो कर्जत लोकलने मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठतो, पण ज्ञान असे आणता येत नाही. ते इथेच आहे, फक्त कॉलेजात कोंडलेले. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, भिवपुरी रोडला तासगावकरांचे आहे. मुंबई विद्यापीठाच्या संगणक शाखेचा विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रयोगवहीत लिनक्सच्या आज्ञा लिहितो, परीक्षा देतो आणि शाळेतला खरा संगणक कधी पाहत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही तयार करून ठेवले आहेत. ते मोफत आहेत आणि शिक्षकाला एकट्याने पाहता येतील इतके लहान आहेत. दुरुस्तीवाल्याला यातून वगळू नये. त्याला प्रशिक्षणाला बोलवावे आणि शाळेच्या देखभालीचे वर्षाचे काम पैसे देऊन द्यावे. फुकटच्या सॉफ्टवेअरमुळे वाचलेला रुपया माणसाच्या मजुरीत गेला नाही तर हा प्रयोग दोन पावसाळे टिकणार नाही. स्वयंसेवेच्या उत्साहावर बसवलेले संगणक पुढच्या तुकडीच्या निरोप समारंभाबरोबर अनाथ होतात.

स्वावलंबनाचा मुद्दा हल्ली फार ऐकू येतो आणि त्याला कारणही घडले आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातच्या वाडीनार येथील नायरा एनर्जीची ई-मेल आणि टीम्ससारखी सेवा अचानक थांबवली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा ती परत सुरू झाली. सेवेचे पैसे भरलेली, भारतीय कायद्याने चालणारी एक अवाढव्य रिफायनरी परदेशातल्या निर्णयाने काही दिवस मुकी झाली. शाळेच्या संगणकाला असा धोका नाही, तेव्हा घाबरवण्यासाठी मी हे उदाहरण वापरणार नाही. पण सरकारी सेवांची संकेतस्थळे एकाच कंपनीच्या प्रणालीवर टेकवून ठेवणे किती शहाणपणाचे, हा प्रश्न त्यातून उरतोच. केंद्र सरकारने २०१५मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. सीडॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स त्याच्याही आधीची, २००७ची. कमतरता धोरणाची किंवा स्वदेशी शिक्क्याची नाही. तालुक्याच्या खरेदीच्या कागदापर्यंत ते धोरण कुणी पोचवले नाही.

पैशाचा हिशेबही सरळ सांगितला पाहिजे, कारण विरोधकांच्या हातात इथे एक चांगले पान आहे. विंडोज १०ची वाढीव देखभाल मायक्रोसॉफ्टने शिक्षणसंस्थांना फार स्वस्त ठेवली आहे. दर संगणकामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. मग लिनक्सची उठाठेव कशाला? ज्या संस्थेकडे मूळ परवाने आहेत आणि ते सांभाळणारा मनुष्य आहे, तिने ही सवलत खुशाल घ्यावी. पण पाड्यावरच्या शाळेकडे मुळात परवान्याचा कागद सापडेल का, याची शंका आहे. आणि सापडला तरी तीन वर्षांनी ती शाळा पुन्हा याच जागी उभी असेल, तीन वर्षांनी जुन्या झालेल्या संगणकासह. ही सवलत म्हणजे तयारीला मिळालेली मुदत समजावी.

तयारी करायची तर उन्हाळ्याची सुटी बरी. एप्रिलअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा रिकाम्या असतात. दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आधी आपल्या शाळांत किती संगणक आहेत, त्यातले किती सुरू होतात आणि कोणत्या सालचे आहेत, एवढी यादी करावी. ती नसेल तर बाकी सगळी चर्चा फोल आहे. पहिल्या वर्षी सगळ्या शाळा घेऊ नयेत. दोन-तीन केंद्रशाळा घ्याव्यात, जिथे केंद्रप्रमुख उत्सुक आहेत, आणि डिसेंबरात त्या शाळांतले किती संगणक अजून चालू आहेत ते मोजावे. तोवर जिल्हा नियोजन समितीपुढे संगणक खरेदीचा एखादा नवा प्रस्ताव आलेलाच असेल. त्यावर बोलताना सदस्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. हा संगणक आणि त्याला जोडायचे यंत्र लिनक्सवर चालते, असे पुरवठादार लेखी देतो का? आणि ज्या संकेतस्थळासाठी हा घ्यायचा, ते फक्त विंडोजवरच का चालते, याचे उत्तर ते बनवणाऱ्या विभागाने दिले आहे का?